‘कुयुन’ची गाजलेली गाणी आणि त्यातला तुमचा वाटा

ती. शेरमातदाजी यांस,

कराकोलहून तुमचा मेहुणा सुयुनबेक याचा सलाम पोचो. (वर ‘ती.’ लिहावं की ‘चि.’, या विचारात सकाळचा चहा थंड झाला. वयाने तुम्ही माझ्याहून धाकटे, म्हणजे ‘चि.’ आणि ‘अरे’. पण माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे, म्हणजे ‘ती.’ आणि ‘अहो’. बुरुलताईने स्वतःहून लहान नवरा केला, तिचा संसार सुखाचा झाला, माझी मात्र जन्माची पंचाईत करून ठेवली. बँडमध्ये तुम्ही ड्रमवर आणि मी बास गिटारवर असताना ‘अरे, हळू बडव’ म्हणून तुमच्यावर खेकसायचो, आणि त्याच संध्याकाळी घरी ‘दाजी, पाणी आणू का’ म्हणायचो. माझी बायको अनार म्हणते, नुसतं ‘शेरमात’ लिहा आणि पुढे सरका. पण तिला काय, पत्र तिला लिहायचं नाही.)

तुमची प्रकृती कशी आहे? ताईचा गुडघा काय म्हणतो? राजमा काढून झाला असेल. यंदा तालासला पाऊस वेळेवर थांबला असं ऐकलं, तेव्हा पीक चांगलं आलं असणार. घोडी व्याली का? शिंगरू झालं असेल तर रंग कळवा, कारण अनारने आणि मी त्यावर पैज लावली आहे आणि आता कुणी काय म्हटलं होतं ते दोघांनाही आठवत नाही. आम्ही सगळे ठीक आहोत. टायरचं दुकान चालू आहे. रस्ते खराब आहेत तोवर मला चिंता नाही.

हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं, पण फोनवर आपलं बोलणं कसं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही राजम्याबद्दल सविस्तर बोलता, आवाज अगदी स्वच्छ येतो, मी ‘दाजी, ते डिस्कचं...’ एवढं म्हणतो आणि तालासच्या डोंगरात लगेच लाइन जाते. तीन वेळा असं झालं. मी संशय घेत नाही. डोंगर आहेत, लाइन जायचीच. म्हणून पत्र लिहितोय, कारण पत्राची लाइन जात नाही. आणि आधीच सांगून टाकतो की मला तुमच्याकडून काही नको आहे. नुसती खुशाली आणि इकडची हकिगत कळवावी, एवढाच हेतू.

तर हकिगत अशी. उन्हाळ्यात माझ्या दुकानात तिलेक नावाचा एक माणूस आला. बिश्केकचा, तिशीतला, केसांची शेंडी बांधलेला. मला वाटलं टायर पंक्चर असेल. मी जॅक घेऊन गाडीखाली शिरलोसुद्धा, तर हा वाकून मला विचारतो, “तुम्ही ‘कुयुन’चे सुयुनबेक का?” दाजी, इतक्या वर्षांनी कुणी बँडच्या नावाने मला विचारलं आणि मी गाडीखाली आडवा. बाहेर येताना डोकं आपटलं. त्याचं म्हणणं असं की त्याला आपल्या बँडची गाजलेली गाणी एका डिस्कवर काढायची आहेत. बारा गाणी, वर आपला फोटो, आत थोडी माहिती. त्याची आई तरुणपणी आपल्या कार्यक्रमांना यायची म्हणे. मी म्हटलं, बाबा रे, बारा कुठली आणतोस, आमचं गाजलेलं गाणं एकच आहे. तो हसून म्हणाला, “एक पुरतं. त्या एकासाठी लोक डिस्क घेतात, बाकीची अकरा आपोआप त्यांच्या घरी पोचतात. पण ते एक पाहिजे. ते नसेल तर मग कशाला काढायची?”

ते एक म्हणजे कोणतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. ‘बालिकचीची शेवटची बस’. शब्द तुमचे, चाल तुमची, आवाज तुमचा (गायक जुमाशचा घसा त्या वर्षी बसला होता म्हणून तुम्हाला ड्रमसकट पुढे ढकललं, आठवतं ना). आणि त्याची रेडिओवाली फीत कधीच हरवली. दुसरी फीत फक्त तुमच्याकडे, तालासला, ट्रंकेत आहे असं ताई मागे अनारला म्हणाली होती. मी फीत मागत नाहीये. ट्रंकेत आहे हे मला माहीत आहे, एवढंच सांगितलं.

तिलेकला घेऊन मी ओरोझाली आकेंकडे गेलो. बँड त्यांनी काढला, की-बोर्ड त्यांचा, वयाने सगळ्यांत मोठे म्हणून सगळ्यांचेच ‘आके’, थोरले भाऊ, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय आपण शिंकतही नव्हतो. आता त्यांचं वय झालंय. कान तिखट आहेत पण गुडघ्यांनी संप केलाय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, असल्या गोष्टी उभ्याउभ्या ठरत नसतात, मेंढा कापायला पाहिजे. मेंढा कापला. जुमाश आला, जुमाशचे व्याही सातिबाल्दी आले (त्यांना कुणी बोलावलं हे अजून कळलेलं नाही, पण व्याह्यांना परत कोण पाठवणार). तिलेक पाहुणा, म्हणून मेंढ्याचं डोकं त्याच्यापुढे ठेवलं. त्या बिचाऱ्याला वाटलं दाखवायला ठेवलंय. त्याने फोटो काढला आणि ‘छान आहे’ म्हणून बाजूला सरकवलं. आकेंची भुवई इतकी वर गेली की टोपी हलली. शेवटी मीच हळूच सांगितलं की कान कापून धाकट्याला दे आणि बाकीचं फिरव. धाकटा तोच होता. त्याने कान स्वतःलाच दिला.

मग हाडं वाटायला सुरुवात झाली. जांबाश, म्हणजे कमरेचं मानाचं हाड, आकेंना, मांडीचं जुमाशला, मग व्याही, मग मी, ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे. ताटं भरली आणि आकेंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. म्हणाले, “गाणीही अशीच वाटायची. ज्याचा जो मान, त्याचं गाणं त्या नंबरवर. म्हणजे पुढे कुणाची तक्रार नको.” तिलेक म्हणाला, “आके, पण लोकांना जे आवडतं ते आधी यायला हवं ना?” आके म्हणाले, “लोक म्हणजे कोण? त्यांतलं कुणी इथे बसलंय का?” तिलेकने आजूबाजूला बघितलं. कुणी बसलेलं नव्हतं.

अशी आपल्या बँडची गाजलेली गाणी ठरली, दाजी. पहिलं गाणं आकेंचं, ते खिंडीतल्या वाऱ्यावरचं, ज्यात शब्द सुरू व्हायच्या आत लोक बाहेर जाऊन सिगारेट ओढून परत यायचे. मग जुमाशची तीन प्रेमगीतं. तीन वेगवेगळ्या बायकांवर लिहिलेली आहेत हे गावाला माहीत आहे, आणि तिघी आज आज्या होऊन याच गावात राहतात, म्हणून जुमाशने अट घातली की एकामागोमाग एक ठेवायची नाहीत. मधे काहीतरी हवं. मधे काय ठेवायचं? तर व्याही. व्याह्यांनी आयुष्यात वाद्य धरलेलं नाही, पण हाड दिलं म्हणजे गाणं दिलंच पाहिजे असा नियम आताच पास झालेला. तेव्हा असं ठरलं की ते डिस्कवर आशीर्वाद देतील. दिला. रेकॉर्डही झाला. सगळ्यांची मुलंबाळं सुखी राहोत, गुरं वाढोत, आणि मधे एक खोकला, जो तिलेकला काढायचा होता पण व्याही म्हणाले की खोकला खरा आहे, राहू दे. माझं बटाटे काढणीवरचं गाणं अकराव्या नंबरावर आलं. त्याला शब्द नाहीत, तेव्हा मी काय बोलणार. आणि ‘शेवटची बस’ बाराव्यावर, कारण तुम्ही वयाने धाकटे.

हे ठरलं तेव्हा दस्तरखानाभोवती सगळे एकदम आपापल्या ताटात बघू लागले. का, ते तुम्ही जाणता. जुमाशच्या मुलाच्या लग्नात नेमकं असंच झालं होतं. वाटा आकेच सांगत होते. तुम्ही आमच्या वडिलांच्या शेजारी बसला होतात, जावई म्हणून, आणि तुमच्यापुढे पुढच्या पायाचं खालचं हाड आलं, जे हातावर पाणी घालणाऱ्या पोरांना देतात. तुम्ही खाल्लं. हात धुतले. दुआ झाली तेव्हा सगळ्यांबरोबर तोंडावरून हात फिरवलेत. आणि पुढच्या वसंतात ताईला घेऊन तालासला राजमा लावायला निघून गेलात, ते आजतागायत. लोकांना सांगितलंत की कराकोलची जमीन राजम्याला मानवत नाही. दाजी, मी त्या दिवसापासून हे गणित सोडवतोय आणि मला येत नाही. वयाने मोजलं तर आके बरोबर होते. नात्याने मोजलं तर तुम्ही बरोबर होतात. बँडमध्ये कोण कधी आलं यावर मोजलं तर जुमाश सगळ्यांच्या मागे जातो, मग लग्न त्याच्या घरचं असून त्यालाच काही मिळालं नसतं. मी दोन्हीकडचा, म्हणून मला दोन्हीकडचं पटतं, आणि त्याचा कुणालाच उपयोग होत नाही.

असो. बारावं तर बारावं, पण फीत नाही. आणि तुम्हाला विचारायचं म्हटलं तर लाइन जाते. तेव्हा तिलेक म्हणाला, नव्याने रेकॉर्ड करू, जुमाश गाईल. संस्कृती भवनाच्या हॉलमध्ये सामान लावलं. तिथे आता लहान मुलांची कुस्ती चालते, म्हणून जाजमावर बूट काढून वाजवावं लागलं. पहिलं कडवं जुमाशने झकास म्हटलं. तेच ते, मुलगा हातात दोन तिकिटं घेऊन स्टँडवर उभा आहे, ड्रायव्हरने इंजिन चालू केलंय, आणि मुलगी अजून आलेली नाही. मग जुमाश थांबला. म्हणाला, “पुढे काय?” मी आकेंकडे बघितलं. आकेंनी माझ्याकडे बघितलं. दाजी, दुसरं कडवं आमच्यापैकी कुणालाच येत नाही. मी ते गाणं तुमच्या मागे उभं राहून वर्षानुवर्षं वाजवलं आणि ती मुलगी येते की नाही हे मला माहीत नाही. मी तेव्हा बोटांकडे बघत असायचो.

आम्हाला वाटलं, गावाला येत असेल. लग्नालग्नांत म्हणतात ना. चौकशी केली तर काय, सगळे पहिलं कडवं घसा फोडून म्हणतात, दुसऱ्याला ‘ना ना ना’ करतात आणि मग एकमेकांच्या गळ्यात पडतात. खोदून विचारलं की प्रत्येकाचं दुसरं कडवं वेगळं. बाजारात गार शेवयांचं आश्ल्यान-फू विकणारी बाई म्हणाली, मुलगी येते, पण आईला बरोबर घेऊन येते. शेजारचा मास्तर म्हणाला, बसच बिघडते, म्हणून सगळेच राहतात. आमचा पाववाला शपथेवर सांगत होता की गाण्यात मुलगी नाहीच, मेंढी आहे. अनार म्हणाली, मुलगा दोन्ही तिकिटं एका म्हाताऱ्या जोडप्याला देऊन चालत घरी जातो. मी म्हटलं, हे तुला कुणी सांगितलं? म्हणाली, कुणी नाही, मला तसंच ऐकू येतं. मग मला रडू आलं आणि का आलं ते कळेना. आईला विचारलं. आई आता उठत नाही फारशी, पण तिने डोळे मिटून पहिलं कडवं पूर्ण म्हटलं, आणि पुढचं विचारल्यावर म्हणाली, “जावयाला विचार.” तेव्हा सगळी चौकशी तिथेच संपली.

आणि ड्रम. तिलेककडे ड्रमचं यंत्र आहे. बटण दाबलं की वाजतं, थकत नाही, चहा मागत नाही, बिघडल्याशिवाय चुकतही नाही. आणि घोळ नेमका तिथेच झाला. तुम्ही कडवं संपवून ध्रुवपदाकडे येताना दर वेळी अर्धा ठोका उशिरा यायचात. मी त्यावरून तुम्हाला किती बोललोय. आता यंत्र बरोबर वेळेवर आलं आणि आम्ही तिघेही चुकलो. पुन्हा केलं, पुन्हा चुकलो. तिलेक विचारतो, तुम्ही कशासाठी थांबताय? काय सांगणार त्याला? ज्या चुकीला आयुष्यभर शिव्या दिल्या तिच्यावरच आम्ही सगळे टेकून उभे होतो. मला तुमची फार आठवण आली, दाजी. हे सरळ लिहितोय, नंतर खोडणार नाही.

त्या यंत्रापुढे आके तसेच बसले होते. बूट काढलेले, मोज्याला भोक पडलेलं, हात की-बोर्डवर. मग म्हणाले, “पहिली जागा शेरमातची. माझं गाणं खाली घ्या.” तिलेक खूश झाला, म्हणाला, मग रेकॉर्डिंग कसं मिळवायचं? आके म्हणाले, “मिळवायचं नाही. तो आलेला नाही. आला नाही म्हणून त्याचा वाटा दुसऱ्याच्या ताटात टाकायचा नसतो, झाकून ठेवायचा असतो.” मी घाबरत विचारलं, “आके, पण पहिली जागा कोणत्या हिशेबाने? वयाने की नात्याने?” तर म्हणाले, “गाण्याने.” मला हा तिसरा हिशेब माहीत नव्हता. त्यांनाही नसावा, कारण बोलून झाल्यावर तेच जरा गोंधळल्यासारखे दिसले आणि बूट उलटे घालून घरी गेले.

तुम्ही म्हणाल, पुढे काय झालं? जे आकेंनी सांगितलं ते झालं. तिलेकने हातापाया पडून पाहिलं. म्हणाला, डिस्कच्या सुरुवातीला चार मिनिटं काहीच वाजलं नाही तर लोक ती दुकानदाराच्या तोंडावर मारतील. मुळात ते गाणं नसेल तर डिस्क काढायचीच नाही असं त्याचं ठरलेलं. आके म्हणाले, गाणं आहे, गाणारा यायचाय. आता याच्यापुढे बिश्केकचा माणूस काय बोलणार? मेंढ्याचं डोकं खाऊन बसलेला. शेवटी त्याने डिस्क काढली. वर आपला फोटो आहे, जुमाशला केस आहेत आणि तुम्ही डोळे मिटलेले आहात. मागे पहिल्या ओळीत लिहिलंय, ‘बालिकचीची शेवटची बस, शेरमात’. लावली की गाण्याच्या लांबीएवढी शांतता. मग व्याह्यांचा आशीर्वाद, कारण आकेंचं गाणं खाली जुमाशच्या प्रेमगीतांमधे गेलं आणि आशीर्वाद वर सरकला.

पहिल्या आठवड्यात लोकांनी डिस्का परत आणल्या. बाजारातल्या दुकानदारिणीने माझ्या दुकानावर येऊन माझा उद्धार केला. मी तिला सांगितलं की ती खराब नाही, वाटा झाकून ठेवलाय. ती म्हणाली, “म्हणजे शेरमात रुसलाय अजून?” मी म्हटलं, राजमा लावलाय. ती म्हणाली, “हां, तेच.” आणि परत आलेल्या सगळ्या डिस्का पुन्हा मांडायला घेऊन गेली. नंतर एक दिवस मी बालिकचीच्या मिनीबसने टायर आणायला निघालो होतो. ड्रायव्हरने आपली डिस्क लावली. शांतता. मी मान खाली घातली, म्हटलं आता इथेही बोलणी खायची. तर मागच्या सीटवरच्या एका म्हातारीने पहिलं कडवं सुरू केलं. मग तिच्या शेजारणीने, मग पोत्यांवर बसलेल्या दोघांनी, मग सगळ्यांनी. ध्रुवपदाआधी, दाजी, अख्खी बस अर्धा ठोका थांबली. मी डोळ्यांवर टोपी ओढून घेतली. पण मग दुसरं कडवं आलं आणि कुणी मुलगी आणली, कुणी बस बिघडवली, कुणी मेंढी चढवली, आणि असं काही भांडण पेटलं की तुप गावाच्या वळणावर ड्रायव्हरने गाडी बाजूला लावून सांगितलं, आधी ठरवा, मग पुढे जाऊ. बराच वेळ ठरलं नाही. म्हातारी मला म्हणाली, “तू बँडमधला ना? मग सांग की.” मी म्हटलं, मी बास वाजवायचो. तिने हळहळल्यासारखी मान हलवली.

आता सगळ्या गावात हेच चाललंय. लोक डिस्क लावतात, गप्प बसायच्या जागी गातात, आणि दुसऱ्या कडव्याला भांडतात. तिलेक फोन करून विचारतो की इतकी खपतेय कशी. त्याला मी काय सांगू, मलाच समजत नाही. रिकामी जागा एवढी कशी आवडते लोकांना? आके मात्र ऐकत नाहीत. त्यांच्या घरात डिस्क लागली की ते उठून अंगणात जातात आणि आशीर्वादाचा खोकला ऐकू आला की आत येतात.

तर अशी इकडची हकिगत. म्हटल्याप्रमाणे मला काही नको आहे. ताईला सांगा, आई जेवते, झोपते, आणि दार वाजलं की ‘बुरुल का?’ विचारते, पण ते वयामुळे असेल. खिंडीत बर्फ पडायच्या आत तुमचं कुणी इकडे येणार असेल तर राजम्याचं एक पोतं पाठवा, आणि नसेल येणार तरी रागावणार नाही. मोठ्यांना सलाम, लहानांना पापा. तुमच्या घरात मोठं कोण आणि लहान कोण, ते तुमचं तुम्ही वाटून घ्या.

तुमचा (वयाने थोरला, नात्याने धाकटा)
सुयुनबेक

ता. क. फितीबद्दल मी काही मागितलेलं नाही, हे पुन्हा वाचून खात्री करून घ्या. अनारने वाचलं आणि म्हणाली, पानोपानी मागितलंय. तिला पत्रातलं कळत नाही.

ता. क. फीत आता पाठवूच नका. तिच्यात मुलगी येत असली तर मास्तर रुसेल, आणि येत नसली तर अनार. शिवाय पाववाल्याला मी काय तोंड दाखवू?

ता. क. खरं म्हणजे हे वरच लिहायला हवं होतं, पण ‘ती.’ आणि ‘चि.’मध्ये राहून गेलं. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. ते जुमाशने तुमच्या हातात दिलं असेल आणि ‘गाडी बघतो’ म्हणून तो परत फाटकाकडे गेला असेल. त्याच्या झिगुलीत पुढच्या सीटवर ओरोझाली आके बसलेले आहेत. मला त्यांनी सांगितलंय की लिही, मी राजम्याचं बी घ्यायला येतोय. कराकोलला राजमा होत नाही हे त्यांनाही माहीत आहे. कालपासून प्रवासात आहेत, दोन खिंडी ओलांडून, त्या गुडघ्यांनी. ते आपणहून उतरणार नाहीत. धाकट्याच्या दारात थोरल्याने आधी कसं उतरायचं हे त्यांना कुणी कधी शिकवलेलं नाही, आणि आता शिकायचं वय राहिलं नाही. तुम्ही फक्त बाहेर जा, गाडीचं दार उघडा आणि म्हणा, ‘आके, उतरा.’ दुसरं काही बोलायची गरज नाही. मला एवढंच मागायचं होतं.

ता. क. दाजी, मी फार लांबलचक लिहिलंय आणि तुम्ही सावकाश वाचता. तुमच्याकडे आता संध्याकाळ होऊन गारठा पडला असेल आणि त्या झिगुलीचा हीटर चालत नाही. पत्र ठेवा आणि आधी जा.